रबर सरकला, लेयर बिघडला

२०२०च्या उन्हाळ्यात पार्लरं बंद होती आणि माझे लेयर, म्हणजे वर आखूड, खाली लांब असे टप्प्याटप्प्यानं कापलेले केस, वाढून नुसते लोंबत होते. एका रविवारी न्हाऊन बाहेर आले, ओल्या केसांचा भांग पाडला, पुढची एक बट हनुवटीशी धरली आणि ओट्यावरच्या, दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीनं कच्चकन कापली. तासाभरात केस वाळले. बट हनुवटी सोडून गालफडावर जाऊन बसली होती. तिला जुळवायला दुसऱ्या बाजूची कापली, ती जरा जास्तच गेली. मग पुन्हा पहिली. हे कुठवर चाललं ते सांगत नाही, पण पुढचे दोन महिने मी क्लिपा लावून हिंडले.

तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातात कला नाही. आता वाटतं, माझी भूमिती कच्ची होती. आणि थोडं रसायनशास्त्रही.

रसायनशास्त्र आधी उरकते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के. ते साध्या पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे, पण संख्येनं भरपूर. केस भिजला की हे कच्चे बंध सुटतात, पाणी आत शिरतं, केस जाडीला चांगला पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो आणि लांबीलाही किंचित वाढतो. वाळला की बंध पुन्हा जुळतात आणि केस पहिल्या वळणावर येतो. हे ताणणं-आखडणं इतकं नेमानं होतं की १७८३ मध्ये होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक मांडला. हवा दमट झाली की केस लांबतो आणि काटा हलतो. वेधशाळांनी केसावर चालणारी यंत्रं पुढं कितीतरी वर्षं वापरली.

अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत केस लांबतो तो शंभराला दोन-अडीच एवढाच. म्हणजे सरळ केसांच्या बाईनं अर्धा मीटर केस ओले कापले तर फरक फार तर सव्वा सेंटिमीटरचा. पण माझ्यासारख्या लाटा असलेल्या केसांत खरी गंमत वळणांची असते. ओलेपणी कच्चे बंध सुटलेले, वर पाण्याचं वजन, त्यात आपण कंगव्यानं ओढून धरलेलं. लाटा पार सपाट होतात. वाळल्यावर त्या परत येतात आणि दोन-तीन सेंटिमीटर बघता बघता गायब. त्यामुळे लेयर कोरडेच कापावेत, आणि रोज जसे विंचरून सोडता तसे सोडून मगच लांबी ठरवावी.

आता भूमिती. एका लांबीच्या केसांत सगळे शेंडे खाली एका रेषेत असतात. ‘खालून बोटभर काप’ म्हटलं की काम झालं. लेयरमध्ये शेंडे प्रत्येक उंचीवर असतात: हनुवटीशी, खांद्याशी, पाठीवर. फाटेही तसेच सगळीकडे फुटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पाठीवर रुळणाऱ्या साठ सेंटिमीटर केसाचा शेंडा पाच वर्षांचा जुना. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. पाच वर्षांचं विंचरणं, रबर, टॉवेलचं खसाखसा पुसणं यांनी ते झिजतात आणि आतला गाभा दोरासारखा उसवतो. तो परत सांधला जात नाही. शॅम्पूची बाटली काहीही म्हणो.

मग बहुतेक जणी काय करतात? वर हात घालायची भीती, म्हणून फक्त खालचे केस कापतात. वर्षभर दर तीन महिन्यांनी खालून तीन-तीन सेंटिमीटर काढले तर खालची लांबी जागच्या जागी राहते आणि वरचे लेयर बारा सेंटिमीटर खाली येतात. लेयर कट असा हळूहळू मरतो, आणि आपण म्हणतो, पार्लरवालीनं नीट कापले नव्हते.

इथं उपयोगी पडतं ते रबर. खाली वाकून सगळे केस पुढं घ्यायचे, कपाळावर केस जिथं सुरू होतात तिथं रबर लावायचा, शेंडीसारखा झुबका करायचा आणि तो सरळ कापायचा. सोडल्यावर लेयर पडलेले दिसतात. जादू वाटते, पण आहे शुद्ध बेरीज. रबरापासून कापापर्यंतचं अंतर प्रत्येक केसाला सारखं मिळतं. मुळापासून रबरापर्यंतचं अंतर मात्र प्रत्येकाचं वेगळं. माझ्या डोक्यावर शिवणाची टेप धरून मोजलं: कपाळावरच्या कडेपासून मानेवरच्या कडेपर्यंत ३४ सेंटिमीटर. रबर कपाळावर लावून त्यापुढं २० सेंटिमीटरवर कापलं तर कपाळावरचा केस २० सेंटिमीटरचा राहतो. टाळूचा, १७ सेंटिमीटर मागून आलेला, ३७ चा. आणि मानेवरचा ५४ चा. एकच सरळ काप, आणि मधल्या सगळ्या लांब्या आपोआप. तोच रबर टाळूवर लावला तर टाळूचे केस सगळ्यात आखूड आणि कपाळ, मान दोन्हींकडचे ३७. अगदी वेगळा हेअरकट. म्हणजे घरच्या घरी लेयर ठरतात ते त्या एका बिंदूवरून. कात्री नंतर येते.

आता पुढच्या वेळी कपाळावरचा हा रबर चुकून तीन सेंटिमीटर मागं लागला असं समजा. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं, आरशात लक्षातही येत नाहीत. कपाळावरच्या २० सेंटिमीटर केसांचे तीन रबरापर्यंत पोचण्यात खर्च होतात, पुढं १७ उरतात. मानेवरच्या ५४ चे ३१ खर्च होतात, उरतात २३. झुबक्याच्या टोकाशी सहा सेंटिमीटरची तफावत. आपल्याला वाटतं, वाढून वेडेवाकडे झालेत. मग सगळ्यात आखूड केसाचा एक सेंटिमीटर जाईल अशा बेतानं सरळ काप घेतला की मानेवरचे सात सेंटिमीटर जमिनीवर. काढायचा होता एक.

म्हणून कात्री उचलण्याआधी जुना बिंदू, म्हणजे मागच्या वेळी रबर होता ती जागा, शोधायची. केस सगळे एका गतीनं वाढले असं धरलं तर चार महिन्यांत प्रत्येक केस चार सेंटिमीटर वाढतो, पण त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो. (दहा-पंधरा टक्के केस कुठल्याही वेळी विश्रांतीवर असतात, त्यामुळे शेंडे थोडे विरळ दिसणारच.) फरक तोच, म्हणून बिंदूही तोच. खाली वाकून केस मुठीत धरायचे आणि मूठ कपाळापासून टाळूकडं मधल्या रेषेवर हळूहळू सरकवायची. एका जागी शेंडे जवळजवळ एका पातळीत येतात. तोच मागच्या वेळचा केंद्रबिंदू. रबर तिथं लावायचा आणि टोकाकडून सेंटिमीटरभर कापायचं, बस. पार्लरमध्ये बटा वेगवेगळ्या धरून कापलेल्या असतील तर केंद्रबिंदू एकाहून जास्त असतात आणि शेंडे एका मुठीत जुळत नाहीत. तेव्हा कानामागून भांग पाडून पुढचे आणि मागचे केस वेगळे करायचे आणि दोन्हींचे बिंदू वेगवेगळे शोधायचे. तरीही न जुळले तर त्या दिवशी कात्री ठेवून द्यावी, असं माझं प्रामाणिक मत.

आणखी एक हिशेब वजनाचा. केंब्रिजचे रेमंड गोल्डस्टीन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पोनीटेलच्या आकाराचं गणित मांडलं. त्याबद्दल त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं, पण गणित हसण्यावारी नेण्याजोगं नाही. माणसाचा केस साधारण पाच सेंटिमीटरपर्यंत आपल्या ताठपणावर उभा राहू शकतो. त्यापुढं गुरुत्वाकर्षण जिंकत जातं. केसाची लांबी या पाचाच्या किती पट आहे, त्या आकड्याला त्यांनी, परीकथेतल्या लांबलचक केसांच्या मुलीवरून, रपुंझेल संख्या म्हटलं. माझ्या मानेवरच्या केसांची जवळजवळ अकरा, कपाळावरच्या केसांची चार. आखूड बटा कापल्या की वर उसळतात त्या यामुळेच: ओढणारं वजन गेलं, वळणाला मोकळीक मिळाली. पुढच्या बटा कापताना म्हणूनच हात जास्त आखडता घ्यावा.

कात्रीबद्दल. केसानं गळा कापतात हे आपल्याकडं पूर्वापार ठाऊक आहे. केसानं पोलाद तुटतं हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या धातुशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये, बरोबर आम्ही घरोघरी केस कापत होतो त्याच वर्षी, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. दाढीच्या पात्याचं पोलाद केसाच्या सुमारे पन्नास पट कठीण, तरी केस वाकून तिरका बसला की धारेचा बारीक टवका उडतो. पिशव्या कापून बोथट झालेल्या कात्रीची तर बातच नको. पाती मिटताना ती झुबक्याला पुढं ढकलते, केस सटकतात, काप तिरका जातो. शेंडे तुटण्याऐवजी चेंगरतात आणि चेंगरलेल्या शेंड्याला लवकर फाटा फुटतो.

धारदार कात्रीनंही एका झटक्यात आडवं कापू नये. कात्री उभी धरून तिच्या टोकानं शेंड्यांत बारीक बारीक चिमटे घ्यावेत. कारण आपल्या डोळ्यात आहे. सरळ रेघेतला बारीकसा तुटकपणा डोळा भयंकर अचूक पकडतो. व्हर्निअर कॅलिपर या बारीक मोजमापाच्या पट्टीवरच्या रेघा जुळल्या की नाही हे आपण नुसत्या नजरेनं सांगतो ते त्यामुळंच. शेंडे मुळातच खालीवर असले की डोळ्याला पकडायला रेघ उरत नाही आणि तीन-चार मिलिमीटरची चूक खपून जाते.

‘कापले की भराभर वाढतात’ हे मात्र सोडून द्या. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीचे केस मोजून दाखवलं की कापण्यानं वाढीची गती बदलत नाही. मूळ कातडीखाली असतं. शेंड्याचं काय झालं याची त्याला खबरही नसते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ओणवी, तोंडावर केसांचा पडदा, फोन बहुधा तांदळाच्या डब्याला टेकवलेला.

“ताई, रबर कुठं लावू?”

“मूठ फिरवून बघ आधी. शेंडे कुठं जुळतात?”

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भांगाच्या थोडं मागं. जुळले!”

“मग तिथंच लाव. आणि कात्री कुठली घेतलीयस?”

“तीच गं, ओट्यावरची.”