सहा डिसेंबरची टीम

महाराष्ट्रात ६ डिसेंबर म्हटलं की चैत्यभूमी आठवते. क्रिकेटवेड्यांच्या फोनवर मात्र त्या दिवशी आणखी एक पोस्ट हटकून येते. रवींद्र जडेजा (१९८८), जसप्रीत बुमराह (१९९३), श्रेयस अय्यर (१९९४), करुण नायर (१९९१), आर. पी. सिंग (१९८५) आणि २०२५ साली मँचेस्टरला कसोटी पदार्पण केलेला अंशुल कंबोज (२०००) या सगळ्यांचा वाढदिवस एकच. सीमेपलीकडे पाहिलं तर इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ, न्यूझीलंडचा ग्लेन फिलिप्स, आयर्लंडचा हॅरी टेक्टर हेही त्याच तारखेचे. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: ‘या तारखेत काहीतरी आहे राव!’

फुटबॉलवाल्यांकडे ५ फेब्रुवारी आहे. क्रिस्तियानो रोनाल्डो, नेमार, कार्लोस तेवेझ, रुमानियाचा गिओर्गी हाजी. (आपला भुवनेश्वर कुमारही त्याच दिवशीचा, पण त्याला या फोटोत कोणी घेत नाही.) ३० डिसेंबरला टायगर वुड्स आणि लेब्रॉन जेम्स आहेत. शोधत बसलं तर अशी यादी संपत नाही, आणि ती का संपत नाही हे कळलं की अर्धं कोडं सुटतं.

आधी साधा प्रश्न. क्रिकेटच्या एका संघात अकरा जण. त्यातल्या कुठल्याही दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ११ ला ३६५ ने भागतात आणि ‘तीनेक टक्के’ म्हणून मोकळे होतात. खरं उत्तर १४ टक्के, म्हणजे सात संघांमागे एक. चूक कुठे होते? आपण माणसं मोजतो, मोजायच्या असतात जोड्या. अकरा खेळाडूंतून सलामीच्या किती वेगवेगळ्या जोड्या लावता येतील? पहिल्याबरोबर दहा, दुसऱ्याबरोबर उरलेले नऊ, असं करत ५५. तारीख जुळायला अशा ५५ संधी आहेत.

नेमका हिशेब उलटीकडून करतात. कोणाचीच तारीख जुळणार नाही याची शक्यता काढायची आणि ती एकातून वजा करायची. अहमदाबादला २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरलेला भारतीय संघ फलंदाजीच्या क्रमानं घेऊ. रोहित शर्मा ३० एप्रिलचा, त्याला मोकळं रान. शुभमन गिलला एक तारीख टाळायची, म्हणजे ३६५ पैकी ३६४ चालतील. तो ८ सप्टेंबरचा, सुटला. विराट कोहलीला दोन टाळायच्या. ५ नोव्हेंबर, सुटला. अय्यर ६ डिसेंबर, अजून सगळं ठीक. के. एल. राहुल १८ एप्रिल, ठीक. सहाव्या क्रमांकावर जडेजा येतो आणि तारीख धडकते. सूर्यकुमार, शमी सुटतात, नवव्या क्रमांकावर बुमराह पुन्हा धडकतो. प्रत्येकाच्या वाट्याचे अपूर्णांक, म्हणजे ३६४/३६५, ३६३/३६५, ३६२/३६५ असे शेवटी ३५५/३६५ पर्यंत एकमेकांना गुणले की ०.८५९ येतात. म्हणजे ८६ टक्के वेळा संघात जुळणी नाही, उरलेल्या १४ टक्के वेळा आहे.

माणसं वाढली की जोड्या त्याहून वेगानं वाढतात. २३ माणसांत २५३ जोड्या होतात आणि जुळणीची शक्यता ५० टक्क्यांच्या जरा वर जाते. गणितात याला ‘वाढदिवसाचा विरोधाभास’ म्हणतात, पण विरोध फक्त आपल्या अंदाजाशी आहे, गणिताशी नाही. फुटबॉलच्या मैदानावर दोन संघांचे २२ आणि एक रेफरी धरून बरोबर २३ होतात. कबड्डीत दोन्ही संघांचे राखीव धरून बारा-बारा, म्हणजे २४ जण. शक्यता ५४ टक्के. आयपीएलच्या २५ जणांच्या ताफ्यात ५७ टक्के. पन्नास जण जमले की ९७ टक्के. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येकात २३ खेळाडू. बीबीसीनं त्यांच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा बरोबर १६ संघांत जुळणी सापडली. इतकं तंतोतंत निम्मं येणं हाही थोडा योगायोगच म्हणायचा.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ‘कुणाचीतरी कुणाशीतरी’ तारीख जुळणं सोपं, ‘माझ्याशी’ जुळणं अवघड. २३ जणांत तुमच्या वाढदिवसाचा दुसरा कोणी असण्याची शक्यता जेमतेम सहा टक्के. ती निम्म्यावर न्यायची तर तुमच्याशिवाय २५३ माणसं लागतात. आपण प्रत्येक योगायोगाकडे स्वतःच्या तारखेवरून बघतो, म्हणून तो दुर्मीळ वाटतो.

पण २०२३च्या त्या संघात दोन नाही, तीन जण एकाच तारखेचे होते, हे एवढ्यावर भागत नाही. अकरा जणांतून तिघांचे १६५ गट होतात; तिघांचीही तारीख एक असण्याची शक्यता साधारण आठशेत एक. मग २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर जडेजा, बुमराह आणि नायर, आणि पुढच्याच मँचेस्टर कसोटीत नायरऐवजी कंबोज धरून पुन्हा तिघे! आठशेत एकची गोष्ट पुन्हा पुन्हा कशी घडते? कारण हे वेगवेगळे प्रयोग नव्हेतच. जडेजा आणि बुमराह सगळीकडे तेच आहेत, तिसरा गडी तेवढा बदलतो. एकाच फाशाकडे दहा वेळा बघितलं म्हणून दहा वेळा सहा पडले असं होत नाही.

तरी एकट्या भारतातून एकाच तारखेचे सहा कसोटीवीर हे जास्तच नाही का? हिशेब करून पाहू. १९३२ पासून भारताकडून सुमारे ३२० पुरुष कसोटी खेळले आहेत. ३६५ तारखांत वाटले तर एका तारखेच्या वाट्याला एकही धड येत नाही, सरासरी ०.८८. पण योगायोग सरासरीनं वाटप करत नाही. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र लावलं तर निव्वळ नशिबानंच दीडशेच्या आसपास तारखा कसोटीवीराविना रिकाम्या राहायला हव्यात आणि काहींवर गर्दी व्हायला हवी. आधीच बोट ठेवलेल्या एका तारखेवर सहा किंवा अधिक जण येण्याची शक्यता साधारण साडेतीन हजारांत एक. पण ६ डिसेंबरवर आधी कोणी बोट ठेवलं होतं? गर्दी १२ मार्चला झाली असती तर ‘१२ मार्चची टीम’ म्हणून पोस्ट फिरली असती. ३६५ पैकी कुठल्याही तारखेवर सहा जण जमण्याची शक्यता काढली तर ती दहा टक्क्यांच्या जवळ येते. रोज घडणार नाही, पण ताईत बांधावा इतकंही विशेष नाही.

शिवाय योगायोगाची व्याख्या आपण हवी तशी ताणतो. धोनी ७ जुलैचा, गांगुली ८ जुलैचा, गावसकर १० जुलैचा. तारीख एक नाही, पण ‘चार दिवसांत तीन कप्तान!’ म्हणून तेही चालतं. एकच दिवस, लगतचे दिवस, एकच आठवडा, एकच जर्सी नंबर, एकच गाव: जुळणीच्या इतक्या वाटा उघड्या ठेवल्यावर काहीच जुळलं नाही तरच नवल. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ साली योगायोगांवर लिहिलेल्या निबंधाचा गाभा हाच आहे: नमुना पुरेसा मोठा असेल तर कितीही विचित्र गोष्ट घडून जाते.

तारखेत ग्रह शोधणाऱ्यांसाठी पुण्याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००८च्या सुमारास डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना पाठवल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांचं यश ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी सरासरी ५० टक्के आले असते.

आतापर्यंतचा सगळा हिशेब दोन गृहीतकांवर उभा होता: वर्षातले सगळे दिवस सारखे, आणि एका खेळाडूच्या तारखेचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोन्ही थोडी खोटी आहेत. स्टीव्ह आणि मार्क वॉ शंभराहून अधिक कसोटी एकत्र खेळले. त्यांचा वाढदिवस २ जून हा एकच, कारण ते जुळे. आणि आपल्याकडे १ जूनचं काय करायचं? शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. एका पिढीच्या पेन्शनच्या कागदांवर ती तारीख ढिगानं सापडते. तारखा अशा एका जागी साचल्या की जुळणीची शक्यता वाढतेच, कमी होत नाही.

खेळाडूंच्या बाबतीत तारखा साचण्याचं खरंखुरं कारण सापडलं ते कॅनडात. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉला यांच्यासह ज्युनिअर आइस हॉकीचा सामना बघत होते. संघांची यादी चाळताना पॉला यांच्या ध्यानात आलं की जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये जन्मलेली मुलंच फार आहेत. तिथे वयोगटाची कट-ऑफ तारीख १ जानेवारी. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षानं मोठा, पण दोघं एकाच गटात. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग. मोठा मुलगा उंच, ताकदवान दिसतो, निवडला जातो; मग त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि पुढच्या वर्षी तो खरोखरच चांगला झालेला असतो. बार्न्सलींचा निबंध १९८५ साली आला. ‘सापेक्ष वय परिणाम’ या नावानं तो आता डझनावारी खेळांत तपासला गेला आहे. सगळ्यात पक्का पुरावा फुटबॉलचा: बेल्जियमनं १९९७ साली कट-ऑफ १ ऑगस्टवरून १ जानेवारीला हलवली आणि तरुण संघांतली जन्ममहिन्यांची गर्दीही तिच्या मागोमाग सरकली.

क्रिकेटच्या १९ वर्षांखालील गटाची कट-ऑफ १ सप्टेंबर. आता २०२३च्या विश्वचषकाला सुरुवात झाली तेव्हाचा भारताचा १५ जणांचा संघ पाहा. सप्टेंबर: गिल, सूर्यकुमार, शमी, अश्विन. ऑक्टोबर: हार्दिक पंड्या, शार्दूल ठाकूर. नोव्हेंबर: कोहली. डिसेंबर: अय्यर, जडेजा, बुमराह, कुलदीप यादव. पंधरातले अकरा जण कट-ऑफनंतरच्या चार महिन्यांतले! चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणजे अपेक्षा पाच जणांची. निव्वळ नशिबानं अकरा किंवा अधिक येण्याची शक्यता साधारण साडेपाचशेत एक.

इथे मात्र ६ डिसेंबरवाल्यांना लावलेली फूटपट्टी मलाही लावायला हवी. ‘चार महिने’ ही हद्द मी यादी पाहून आखली. आधीच ठरवून कट-ऑफपासूनच्या वर्षाचा पहिला अर्धा, सप्टेंबर ते फेब्रुवारी, घेतला असता तरी संख्या अकराच राहते, पण शक्यता होते सुमारे सहा टक्के. साडेपाचशेत एकचं सतरांत एक झालं. एका संघावरून निकाल देता येत नाही. त्यासाठी सगळ्या राज्यांच्या १६ आणि १९ वर्षांखालील संघांच्या याद्या लागतील. शिवाय जन्म वर्षभर सारखे होत नाहीत, तोही ऋतूंचा भाग वजा करावा लागेल. तरी पैज लावायची वेळ आली तर मी तारखेवर नाही, महिन्यावर लावीन.

या पक्षपातावर नेदरलँड्समध्ये एक झकास प्रयोग झाला. फुटबॉलच्या मुलांमधून गुणी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटना एक सामना दाखवला आणि मुलांना क्रम लावायला सांगितलं. काहींना मुलांच्या जन्मतारखा कागदावर दिल्या होत्या. त्यानं फरक पडला नाही, मोठी मुलंच वर आली. पण मुलांच्या शर्टांवरचे नंबर वयाच्या क्रमानं दिले तेव्हा पक्षपात नाहीसा झाला. कागदावरची तारीख खेळ रंगला की विसरली जाते, पाठीवरचा नंबर सतत डोळ्यांसमोर राहतो. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. मुंबईच्या मैदानांवर शाळकरी मुलांच्या निवड चाचण्या होतात तिथेही हे करून पाहायला अडचण नाही. कागदी नंबर आणि चार सेफ्टी पिना, एवढंच सामान लागतं.