टीव्ही टिपून ठेवणारा घरचा संगणक

आईचं भजनी मंडळ संध्याकाळी बसतं, आणि सह्याद्री वाहिनीवर तिला जे बघायचं असतं तेही नेमकं संध्याकाळीच लागतं. मोबाइलवर नंतर बघता येईल हे तिला माहीत आहे, पण तिला ते मोठ्या पडद्यावर, खुर्चीत पाठ टेकून, रिमोट हातात घेऊन बघायचं असतं. म्हणून साताऱ्यातल्या आमच्या शाहूपुरीच्या घरी मी एक संगणक जुळवला. त्याचं काम एवढंच: ठरलेल्या वेळी जागं व्हायचं, कार्यक्रम टिपून घ्यायचा आणि परत झोपायचं.

असा संगणक जुळवायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "प्रोसेसर कोणता टाकायचा?" प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, आणि का चुकीच्या, हे कळलं की पुढची सगळी खरेदी सोपी होते.

साध्या, म्हणजे हाय डेफिनिशन नसलेल्या टीव्हीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. सेकंदाला अशी २५ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला १६ बिट, म्हणजे २ बाइट, धरले तर ही कच्ची माहिती सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट होते. ॲनालॉग काळात संगणकावर टीव्ही टिपायचा तर हा सगळा लोंढा आपल्याच प्रोसेसरला त्या क्षणी दाबून लहान करावा लागे. तेव्हा ताकदवान प्रोसेसर किंवा दाबण्याची वेगळी चिप असलेलं कार्ड लागायचंच. आज मात्र ते कष्टाचं काम प्रक्षेपण करणाऱ्यांकडे आधीच उरकलेलं असतं. आकाशातून येतो तो एमपेग-२ किंवा एमपेग-४ पद्धतीनं आवळलेला प्रवाह. एका साध्या वाहिनीला सेकंदाला ३ मेगाबिट धरा, म्हणजे अर्धा मेगाबाइटसुद्धा नाही. आपल्या संगणकानं तो फक्त आहे तसा उतरवून घ्यायचा असतो. कुणी सावकाश सांगतंय आणि आपण वहीत लिहून घेतोय, एवढंच.

तेव्हा पैसे खर्च करायचे ते दोन टोकांना: प्रवाह जिथून घरात येतो ती गच्ची, आणि जिथे तो उतरतो ती डिस्क. मधल्या मेंदूवर नाही.

आधी गच्ची. अजिंक्यतारा किल्ल्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, आणि एके काळी गावातल्या घराघरांवरचे ॲल्युमिनियमचे अँटेना त्याच्याकडे तोंड करून असायचे. दूरदर्शननं देशभरातले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक आता बंद केले आहेत. आज डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा येते ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. सातारा ७४ अंश रेखांशावर आणि पावणेअठरा अंश अक्षांशावर. त्रिकोणमिती मांडली की उत्तर येतं: उत्तरेपासून उजवीकडे सुमारे १३१ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६० अंश वर. आमच्या गच्चीवरून ही दिशा किल्ल्याच्या अंगानंच जाते, त्यामुळे डोंगर आड येईल अशी भीती मला वाटली होती. पण किल्ला गावापेक्षा साधारण ३०० मीटर उंच आणि आमच्यापासून दीड-दोन किलोमीटरवर. म्हणजे तो नजरेत दहाएक अंशच वर येतो. उपग्रह त्याच्या कितीतरी वर आहे. आड आलं ते शेजारचं नारळाचं झाड, म्हणून खांब गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला.

छत्रीकडे, म्हणजे डिश अँटेनाकडे, बघून ती ६० अंशांवर रोखली आहे असं वाटत नाही, याचा अनेकांना घोळ होतो. घरगुती छत्र्या तिरक्या कापाच्या असतात. आलेली लहर सरळ मागे न फिरवता त्या ती खालच्या बाजूला धरलेल्या एलएनबीकडे, म्हणजे लहर पकडणाऱ्या डबीकडे, वळवतात. त्यामुळे छत्रीचं तोंड दिसतं त्यापेक्षा तिची खरी नजर वीस-पंचवीस अंश वर असते.

आता सातारच्या पावसाचं. यवतेश्वराच्या डोंगराकडून ढग खाली उतरले की इथे दिवसभर झोड चालते. फ्री डिशच्या लहरींची वारंवारता ११ गीगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लांबी पावणेतीन सेंटिमीटर. एवढ्या आखूड लहरीतली ऊर्जा पावसाचे थेंब शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. शिवाय पाऊस स्वतःही थोडी रेडिओ-ऊर्जा सोडत असतो, त्यामुळे संदेश क्षीण होतो आणि त्याच वेळी मागचा गोंगाट वाढतो.

डिजिटल प्रक्षेपण या माऱ्याला बऱ्यापैकी पुरून उरतं, कारण त्यात चुका दुरुस्त करायची तजवीज केलेली असते. सगळा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांत बांधलेला असतो. उपग्रहावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत प्रत्येक पुडक्याला पाठवतानाच १६ बाइट जादा जोडतात. ते गणितानं असे काढलेले असतात की २०४ पैकी कुठलेही ८ बाइट बिघडले तरी मूळ पुडकं जसंच्या तसं परत मिळतं. नव्या डीव्हीबी-एस२ मध्ये याहून सरस गणित वापरतात. पण या तजविजीला सीमा आहे. तिच्या आत चित्र निर्मळ, आणि ती ओलांडली की एकदम चौकोन चौकोन होऊन सगळं थिजतं. ॲनालॉगसारखी हळूहळू मुंग्या येण्याची मधली पायरी इथे नाही.

उपग्रहाकडून येणारा प्रवाह एकतर्फी आहे. इंटरनेटवर हरवलेलं पुडकं परत मागवता येतं, इथे गेलेलं गेलं. थेट बघताना दोन सेकंद चित्र फुटलं तर माणूस विसरतो. टिपलेल्या नाटकात ते फुटलेलं वाक्य प्रत्येक वेळी फुटलेलंच ऐकू येतं. म्हणून माझ्या मते या सगळ्या यंत्रातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री. दीडपट व्यास म्हणजे सव्वादोनपट क्षेत्रफळ, आणि तेवढीच जास्त ऊर्जा पकडली जाते. डेसिबलमध्ये साडेतीनची शिल्लक पडते. साधा पाऊस ती निभावून नेते, ढगफुटीपुढे तीही थिटी पडते. छत्री मोठी झाली की नेम मात्र अधिक अचूक लागतो आणि खांब वाऱ्यात जराही हलून चालत नाही.

छत्रीची केबल संगणकात जिथे शिरते तो भाग म्हणजे ट्यूनर. डीव्हीबी-एस२ चा घ्यावा. जुनं डीव्हीबी-एस तो घेतोच. किती घ्यायचे, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. एक ट्यूनर म्हणजे एक वाहिनी नव्हे, एक वारंवारता. एका वारंवारतेवर सेकंदाला ४० मेगाबिटच्या आसपास प्रवाह येतो आणि त्यात अनेक वाहिन्यांची पुडकी सरमिसळ असतात. प्रत्येक पुडक्यावर ते कुणाचं आहे हे सांगणारा १३ बिटांचा क्रमांक असतो, टपालातल्या पिनकोडासारखा. सॉफ्टवेअर क्रमांक बघून पुडकी वेगळी करतं. त्यामुळे एकाच वारंवारतेवरच्या तीन-चार वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी टिपता येतात. दोन हव्या असलेल्या वाहिन्या वेगवेगळ्या वारंवारतांवर असतील तरच दुसरा ट्यूनर लागतो. आधी आपल्या वाहिन्यांची यादी करून त्या कुठे आहेत ते बघावं, मग कार्ड घ्यावं.

ट्यूनर घेताना खोक्यावरचं नाव बघू नये, आतल्या चिपचं बघावं. मी पहिल्यांदा घेतलेलं कार्ड लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं असं वाचून मागवलं होतं. हातात आलं ते त्याच नावाचं, पण पुढच्या आवृत्तीचं, आत वेगळीच चिप. तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, नव्हता. दोन रविवार गेले आणि शेवटी कार्ड बदललं. खासगी डीटीएच कंपन्यांच्या वाहिन्या असल्या ट्यूनरवर दिसत नाहीत हेही आधीच समजून घ्यावं. त्या कुलूपबंद असतात आणि किल्ली कंपनीच्या बॉक्समध्ये असते. फ्री डिशवरच्या एमपेग-२ वाहिन्या मात्र खुल्या आहेत.

आता दुसरं टोक. ३ मेगाबिटच्या हिशेबानं एक तास म्हणजे साधारण १.३५ जीबी, म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर सातशेहून जास्त तास मावतात. वेगाची काळजी करू नये. अख्ख्या वारंवारतेचा प्रवाह उतरवला तरी तो सेकंदाला ५ मेगाबाइट आहे, आणि साधी हार्ड डिस्क १०० च्या पुढे लिहिते. बघायचं ते वेगळंच. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. तसंच इथे जुनं पुसून नवं लिहिताना शेजारच्या पट्ट्याही परत लिहाव्या लागतात आणि डिस्क अधूनमधून अडखळते. आपलं यंत्र तर रोज पुसणार आणि रोज लिहिणार. म्हणून कौलारू नसलेली डिस्क घ्यावी. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क या कामाला चपखल बसतात, कारण अखंड लिहिणं हेच त्यांचं रोजचं काम.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, या लिखाणानं लवकर झिजेल असं ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. २४० जीबीच्या स्वस्त एसएसडीलाही ८० टेराबाइटच्या आसपास लिखाणाची हमी असते. रोज दहा तास टिपलं तरी वर्षाला ५ टेराबाइट होतात. झीज नव्हे, जागा कमी पडते. मी लहान एसएसडीवर सिस्टिम आणि डिस्कवर रेकॉर्डिंग ठेवलं आहे. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: तिच्यावर बहुधा फॅट३२ ही मांडणी असते आणि त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. आपल्या वेगानं ती सीमा तीन तास दहा मिनिटांच्या आसपास येते. तीन अंकी नाटक मध्यंतरं धरून तिथेच कापलं जाऊ शकतं.

मग प्रोसेसरला काम कधी? टिपताना नाही, बघताना. तेही उलगडण्यात फारसं नाही, कारण ते ग्राफिक्सच्या भागात ठरलेल्या सर्किटवर होतं. खरी कसोटी आहे ती अर्ध्या चित्रांची. आपल्या टीव्हीवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसून ५० अर्धी चित्रं येतात: आधी एकाआड एक २८८ ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. जुन्या काचेच्या टीव्हीत ही दोन्ही अर्धी आपल्या नजरेत आपोआप मिसळायची. सपाट पडदा मात्र पूर्ण चित्र एकदम दाखवतो. दोन अर्धी नुसती गुंफली तर धावणाऱ्या गोलंदाजाच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात, कारण त्या दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात तो पुढे सरकलेला असतो. चांगली पद्धत चित्रातला हलता भाग आणि स्थिर भाग वेगळे ओळखते. स्थिर भागात ती दोन्ही अर्धी गुंफते, हलत्या भागात मधल्या ओळी अंदाजानं भरते. हे सेकंदाला पन्नासदा. हल्लीच्या कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या इंटेल प्रोसेसरांना हे सहज जमतं, त्याहून मोठं काही नको. ४ जीबी रॅम भरपूर.

मोठा एसएमपीएसही, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबाही, नको. २० वॅट खाणाऱ्या संगणकाला ४५० वॅटचा एसएमपीएस लावला तर तो इतक्या कमी भारावर चालतो की बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बोर्ड उत्तम. अखंड चालू असलेला ६० वॅटचा जुना डेस्कटॉप वर्षाला सव्वापाचशे युनिट खातो, १० वॅटचा छोटा संगणक ८८. आणि तोही अखंड चालू ठेवायची गरज नाही. मदरबोर्डवर बटणासारख्या सेलवर चालणारं घड्याळ असतं. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा तुकडा त्याचा ठेका धरतो. सॉफ्टवेअर बंद होण्यापूर्वी त्याला पुढच्या रेकॉर्डिंगचा गजर लावून देतं. बोर्ड घेताना ही सोय आहे का, आणि लाइट जाऊन आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग आहे का, हे विचारून घ्यावं. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे सातारकराला सांगायला नको. छोटा यूपीएस या यंत्राला बराच वेळ पुरतो.

विजेचाच दुसरा अनुभव कडू आहे. एका मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळच कुठेतरी वीज पडली आणि आमचा ट्यूनर जळाला. छत्रीवर काहीच पडलं नव्हतं. गच्चीवरून खाली येणाऱ्या लांब केबलमध्ये नुसत्या शेजारच्या कडकडाटानं उसळी आली. आता खांबाला आणि केबलच्या बाहेरच्या जाळीला अर्थिंग आहे, केबल घरात शिरते तिथे उसळी जमिनीत सोडणारं अरेस्टर आहे, आणि गडगडाट सुरू झाला की आई ट्यूनरची केबल हातानं काढून ठेवते. थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टरचाही इलाज नाही, म्हणून ती सवय मला सगळ्यात भरवशाची वाटते.

सॉफ्टवेअर फुकट आहे. टीव्ही टिपणारं मिथटीव्ही २००२ पासून आहे. मी टिपायला टीव्हीहेडएंड आणि बघायला कोडी वापरतो. वेळापत्रक पुढेमागे होतं म्हणून आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं जादा टिपतो. प्रत्येक पुडक्यावर ० ते १५ असा फिरता क्रमही असतो. ७ नंतर ९ आला की ८ वाटेत हरवलं हे कळतं. टीव्हीहेडएंड ही गळती मोजतो आणि प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे आकडा दाखवतो. पाऊस असताना आकडा फुगला तर छत्री, कोरड्या दिवशी फुगला तर केबलची पिन किंवा ट्यूनर. जुलैमध्ये रोज सकाळी मी आधी तो आकडा बघतो, आणि शून्य असला की आईला सांगतो, कालचं पूर्ण आलंय.