नवे उपकरण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आले की आम्ही काय पाहतो
दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

नवा कॅमेरा, नवी कॉटरी (विजेने कापणारे आणि रक्त थांबवणारे उपकरण) किंवा रोबोटिक यंत्रणा घ्यायची म्हटली की रुग्णालय माहितीपुस्तिका चाळते, किंमत विचारते आणि डेमो बघते. डेमो देणारा माणूस ते उपकरण रोज हाताळत असतो, त्यामुळे तिथे काही अडत नाही. तुमच्या सिस्टरच्या ट्रॉलीवर, तुमच्या सर्जनच्या पायाखालच्या पेडलवर ते कसे चालेल, हे मात्र डेमोत कळत नाही. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया चालू असताना कोपऱ्यात उभे राहून ते पाहणे आणि लिहून देणे हे आमचे काम. आम्ही उपकरणे बनवत नाही, विकतही नाही.

हे पाहायचे कशासाठी, याचे उत्तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहे. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले, फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ साली. त्यानंतर काही वर्षांतच ही पद्धत जगभर पसरली, आणि त्या सुरुवातीच्या काळात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाणही वाढले. उपकरणे चांगलीच होती. पडद्यावर दिसणारी नळी नेमकी कोणती, हे ओळखण्यात गफलत होत होती. नळी बंद करणारी क्लिप लावण्याआधी पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नलिका आणि एक रोहिणी, मोकळ्या करून स्पष्ट पाहिल्या पाहिजेत, हा आज सर्वत्र शिकवला जाणारा निकष स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडला. यंत्र आधी आले, ते सुरक्षितपणे वापरायची शिस्त मागून आली. हे अंतर जितके कमी तितके बरे.

आम्ही थांबे पाहतो

‘ऑपरेशनला किती वेळ लागला?’ हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आधी विचारला जातो. आमच्या अहवालात तो आकडा सगळ्यात शेवटी येतो. नव्या उपकरणाच्या पहिल्या काही केसेसना वेळ लागतोच, आणि चिकटलेले पित्ताशय कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त वेळ खाते. आम्ही टिपतो ते थांबे: हात कुठे थांबला, किती सेकंद थांबला, कशामुळे थांबला. सर्जनची नजर मॉनिटरवरून हलली का? सिस्टरला जोडणीची वायर शोधावी लागली का?

पेडलचेच घ्या. कॉटरीच्या पेडलवर पिवळा भाग कापण्यासाठी आणि निळा भाग रक्त थांबवण्यासाठी, हे सर्जनच्या पायाला पाठ असते. अल्ट्रासोनिक कात्रीसारखे नवे एनर्जी उपकरण आले की शेजारी दुसरे पेडल येते, आणि तेही ड्रेपच्या (रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडाच्या) खाली. मग सर्जन मान वाकवून खाली बघतो किंवा पायाने चाचपडतो. तेवढ्या वेळात पोटातल्या टोकावर कोणाचीच नजर नसते. पेडल कुठे ठेवायचे हे शस्त्रक्रियेआधी ठरवले आणि प्रत्येक वेळी तिथेच ठेवले, तर हा थांबा जवळजवळ नाहीसा होतो. यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अल्ट्रासोनिक कात्रीचे पाते सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा कंप पावते. पेडलवरून पाय काढला की आवाज थांबतो, पण पाते काही सेकंद तापलेलेच असते. जुन्या ग्रास्परची (पकडायच्या चिमट्याची) सवय असलेला हात त्याच टोकाने लगेच आतडे बाजूला सारू पाहतो. म्हणून पाय उचलल्यानंतर टोक पुढे कुठे जाते, हे आम्ही मुद्दाम पाहतो.

कधीकधी अडचण ओटीबाहेर असते. पित्तनलिका उजळून दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यासाठी आयसीजी नावाचे रंगद्रव्य शिरेतून देतात. यकृत ते उचलून पित्तात सोडते. शस्त्रक्रियेच्या अगदी तोंडावर दिले, तर यकृतच इतके झळकते की शेजारची नलिका त्या उजेडात हरवते. काही तास आधी दिले, तर नलिका जास्त उठून दिसते. म्हणजे लाखमोलाच्या कॅमेऱ्याचे यश वॉर्डातल्या सिस्टरच्या घड्याळावर अवलंबून. ‘चित्र नीट येत नाही’ अशी तक्रार आली, तर आम्ही आधी वॉर्डातली नोंद मागतो, कॅमेऱ्याकडे नंतर वळतो.

रोबोटिक शस्त्रक्रियेत सर्जन टेबलापासून दूर, रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये डोके घालून बसलेला असतो. सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. आमचा माणूस टेबलापाशी असलेल्या सहायकाकडे पाहतो, कारण उपकरण बदलणे, रक्त ओढून घेणे, रोबोटच्या हातांची टक्कर टाळणे हे त्याच्याकडे असते आणि सूचना फक्त आवाजातून मिळतात. सूचना दिली, पण ‘हो, केले’ हे उत्तर आले नाही, असे प्रसंग आम्ही मोजतो.

संमती आणि चित्रीकरण

रुग्णाची लेखी संमती आधी, त्याला समजेल अशा भाषेत आणि घाई न करता घेतलेली असावी. टेबलावर घेतल्यानंतर घेतलेली सही आम्ही धरत नाही. रुग्णाने नाही म्हटले तर आम्ही त्या केसला येत नाही, आणि त्याच्या उपचारात काहीही बदलत नाही.

पोटातल्या चित्रीकरणात चेहरा दिसत नाही, म्हणून ते निर्धोक, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिंगावर धुके आले की दुर्बीण पुसायला बाहेर काढतात, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिले तर खोली, माणसे, कधी रुग्णाचा चेहराही त्यात येतो. मॉनिटरच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक असतो तो वेगळाच. असे भाग आम्ही त्याच दिवशी, रुग्णालयातच कापतो. आवाज ध्वनिमुद्रित करत नाही.

आमचा माणूस निर्जंतुक क्षेत्राच्या बाहेर उभा राहतो, कशाला हात लावत नाही, बोलत नाही. अपवाद एकच: चालू असलेल्या, तापलेल्या लाइट केबलचे टोक ड्रेपवर पडलेले दिसले किंवा असाच उघड धोका दिसला, तर तो ताबडतोब बोलेल. पोट उघडून शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तो मुकाट्याने बाहेर जाईल.

कोणी पाहते आहे म्हटले की सगळेच जास्त नीट वागतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदी आम्ही निष्कर्षात धरत नाही. अहवालात कोणाचेही नाव नसते. कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनासाठी तो वापरायचा असेल, तर कृपया आम्हाला बोलावू नका. कारण तसा वापर झाला की पुढच्या वेळी आमच्यासमोर कोणीच चाचपडणार नाही, आणि आम्हाला नेमके तेच पाहायचे असते.

नव्या उपकरणाने रुग्ण लवकर बरे होतात का, गुंतागुंत कमी होते का, याचे उत्तर आमच्याकडे मागू नये. त्यासाठी मोठ्या, तुलनात्मक चाचण्या लागतात. उपकरण तुमच्या हातात कसे बसते, एवढेच आम्ही सांगू शकतो.

आम्ही येण्याआधी

शक्यतो एकाच प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि तीच टीम असलेले दिवस निवडा. भूलतज्ज्ञांना विसरू नका. पोटातला वायूचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा (mmHg) ठेवतात, तो कमी-जास्त केला की पहिला परिणाम त्यांनाच दिसतो, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय आमची नोंद अपुरी राहते. उपकरण धुऊन निर्जंतुक करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी एकाला शस्त्रक्रियेनंतर अर्धा तास मोकळा ठेवा. बारीक सांध्यात रक्त कुठे अडकून राहते, हे त्यांनाच आधी कळलेले असते.