ग्रॅनाइटचा ओटा आणि एकमेकांत मिसळलेली दोन शिखरं

चेंबूरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरला: काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यातून किरणोत्सर्ग होतो, ओटा ताबडतोब काढून टाका. खालच्या मजल्यावरच्या मावशी ओटा बसवताना उरलेला वीतभर तुकडा पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. "तू कॉलेजात हेच शिकवतोस ना, मग मोजून सांग," म्हणाल्या.

ग्रॅनाइटमधून गॅमा किरण निघतात, हे खरं आहे. त्यात पोटॅशियम-४०, युरेनियम आणि थोरियम अगदी थोडे असतात. पोटॅशियम-४० तर आपल्या अंगातही असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याच्या चार हजारांच्या आसपास अणूंचं दर सेकंदाला विघटन होतं. म्हणून किती आहे आणि कशाचं आहे, हे विचारायला हवं.

तुकडा प्रयोगशाळेतल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाच्या डिटेक्टरसमोर, शिशाच्या विटांच्या आड रात्रभर ठेवला. तीच मांडणी जिआंट-४ या, कणांचा प्रवास कॉम्प्युटरवर घडवून पाहणाऱ्या (म्हणजे सिम्युलेशनच्या) प्रोग्रॅममध्ये केली: तोच स्फटिक, तेच शिसं, तोच दगड. सकाळी कोणत्या ऊर्जेचे किती कण आले याचे दोन्ही आलेख शेजारी ठेवले. कॉम्प्युटरने ५८३ आणि ६०९ केईव्हीवर (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) सुईसारखी दोन शिखरं काढली होती. पहिलं थोरियमच्या साखळीतल्या (म्हणजे थोरियमचं विघटन होत जाताना एकामागून एक तयार होणाऱ्या मूलद्रव्यांतल्या) थॅलियम-२०८चं, दुसरं युरेनियमच्या साखळीतल्या बिस्मथ-२१४चं. खऱ्या डिटेक्टरने त्याच जागी एकच पसरट उंचवटा दाखवला.

सिम्युलेशनचा गाभा म्हणजे फासे टाकणं. १९४६मध्ये आजारातून उठल्यावर पत्त्यांचा पेशन्स खेळत बसलेल्या गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना ही युक्ती सुचली: डाव जमण्याची शक्यता गणिताने काढता येत नसेल, तर तो शेकडो वेळा खेळा आणि मोजा. इथे गॅमा किरणांतला प्रत्येक कण हा एक डाव. या ऊर्जेचा कण सोडियम आयोडाइडमध्ये धडकण्याआधी सरासरी तीन-साडेतीन सेंटिमीटर जातो. हा कण नेमका किती जाणार, ते फासा ठरवतो. धडकल्यावर सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला देणार की थोडी देऊन वळणार, तोही फासाच. जास्त ऊर्जेच्या कणातून पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) जन्मला, तर तो इलेक्ट्रॉनवर आदळून कसा विखुरतो हे होमी भाभांनी १९३६ साली मांडलेल्या सूत्रावरून ठरतं. जिआंट-४च्या कोडमध्ये त्या भागाला भाभांचं नावच आहे. चेंबूरमध्ये, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रापासून इतक्या जवळ बसून ते नाव पडद्यावर वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पण हा सगळा हिशेब स्फटिकात किती ऊर्जा जमा झाली, इथे थांबतो. डिटेक्टरला ऊर्जा दिसत नाही, प्रकाश दिसतो. सोडियम आयोडाइड दर केईव्हीमागे साधारण ३८ प्रकाशकण सोडतं, म्हणजे ६०९ केईव्हीला सुमारे २३,०००. त्यातल्या पाचातल्या एकाचाच फोटोमल्टिप्लायरमध्ये (प्रकाशाचे इलेक्ट्रॉन करून ते कित्येक पटींनी वाढवणाऱ्या नळीत) इलेक्ट्रॉन होतो. उरले ४,६००.

आता पावसात गच्चीवर एक ताटली ठेवा. मिनिटाला सरासरी १०० थेंब पडत असतील तर कधी ९२ पडतील, कधी १०९. चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दहाच्या आसपास. ४,६०० इलेक्ट्रॉनांत तो ६८, म्हणजे दीड टक्का. शिखराची रुंदी अर्ध्या उंचीवर मोजायची पद्धत आहे, ती त्याच्या २.३५ पट: साडेतीन टक्के. प्रत्यक्षात मात्र ती सात-साडेसात टक्के निघते! कोपऱ्यातला प्रकाश मधल्याएवढा पोचत नाही, फोटोमल्टिप्लायरमधली वाढ दर वेळी सारखी नसते. आणि मला सगळ्यात सुंदर वाटतं ते कारण असं, की हा स्फटिक कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना दर केईव्हीमागे थोडा जास्त प्रकाश देतो. म्हणून एका धडकेत संपलेला गॅमा आणि तीन धडकांत संपलेला गॅमा यांची ऊर्जा तीच असली, तरी उजेड वेगळा पडतो. ६०९ला साडेसात टक्के म्हणजे सुमारे ४६ केईव्ही. शिखरांमधलं अंतर २६. ती मिसळणारच.

म्हणून सिम्युलेशनला हा धूसरपणा वेगळा शिकवावा लागतो. सीझियम-१३७चं ६६२ केईव्हीसारखी ओळखीची शिखरं मोजायची, रुंदी = अ + ब√(ऊर्जा + क×ऊर्जा²) या सूत्रातले तीन आकडे बसवायचे आणि जमा झालेली प्रत्येक ऊर्जा तेवढ्या रुंदीच्या घंटाकृती वक्रातून फासा टाकून हलवायची. प्रत्येक प्रकाशकणाचा पाठलागही करता येतो, पण लॅपटॉप दिवसचे दिवस गुंतून पडतो. मी सूत्र लावलं आणि दोन सुयांचा तोच पसरट उंचवटा झाला.

त्याच ग्रुपवर मोबाइलला चिकटवायचे 'अँटी-रेडिएशन' स्टिकरही विकले जातात. मोबाइलच्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा या गॅमा कणांपेक्षा हजारो कोटी पटींनी कमी असते, आणि स्टिकरने त्या खरंच अडवल्या तर फोन वाजणारच नाही. कृपया पैसे घालवू नका.

जर्मेनियमच्या डिटेक्टरमध्ये प्रकाशाऐवजी थेट विद्युतभार मोजतात; तिथे जेमतेम ३ इलेक्ट्रॉनव्होल्टला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा अशी एक जोडी सुटते, ६०९ केईव्हीला दोन लाख. त्यामुळे रुंदी दीड केईव्हीच्या आत येते आणि दोन्ही शिखरं सुटी दिसतात. पण तो सहसा द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा लागतो; आमच्याकडे नाही. म्हणून मी शेजार नसलेली शिखरं घेतली: पोटॅशियमला १४६१, युरेनियमच्या साखळीला १७६४, थोरियमच्या साखळीला २६१५. तिन्ही ठिकाणी दगडाची नोंद रिकाम्या मांडणीपेक्षा किंचितच वर होती. मावशींना तो कागद दाखवला. ओटा जागेवरच आहे.