सागर रक्षक दल वेगळं आणि ग्राम सुरक्षा दल वेगळं
आमच्याकडे किनाऱ्याला लोक दोन्ही एकच समजतात, "ती काय पोलिसांची पोरं" म्हणून मोकळे. गोंधळ होणारच म्हणा, दोन्हीकडे गावातलीच माणसं, पगार कोणालाच नाही, मीटिंगा पोलीस ठाण्यात, आणि कधीकधी तर एकच माणूस दोन्हीत असतो.

सागर रक्षक दलाची नजर पाण्याकडे. 1993 ला स्फोटकं रायगडात शेखाडी आणि दिघीला उतरली, 2008 ला दहशतवादी 'कुबेर' ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईपर्यंत आले, म्हणजे समुद्र किती उघडा आहे ते दोनदा दिसलं. ह्यात मच्छीमार लागतात कारण तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) बोट लांबूनच कळते, नंबर आयएनडी-एमएच म्हणजे महाराष्ट्राचा आहे की बाहेरचा, जाळी टाकणारे आहेत की नुसतेच फिरतायत. कळलं की 1093 ह्या सागरी सुरक्षेच्या हेल्पलाइनला फोन, पाठलाग करायचा नाही. 2022 ला हरिहरेश्वरजवळ एके-47 असलेली बोट लागली तेव्हा आधी स्थानिकांनीच बघितली (ती ओमानकडून वाहत आलेली निघाली, पण तोवर सगळ्यांची झोप उडालेली). 2023 च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली, तेही ह्यातच मोडतं. असलं पाकीट दिसलं तर उघडून बघायचं नाही, हात न लावता कळवायचं.

ग्राम सुरक्षा दल म्हणजे जमिनीवरचा पहारा. वाडीत गस्त, शिट्टी, बॅटरी, काठी. कोकणात ह्याचं खरं काम बंद घरांचं आहे, चाकरमानी मुंबईला आणि घराला कुलूप, गणपती संपले की अर्धी वाडी रिकामी, मग देवळाची दानपेटी आणि सीझनला आंब्याची बाग, चोरांना आणखी काय पाहिजे. पोलीस पाटील मात्र ह्यात धरू नका, तो 1967 च्या कायद्याने नेमलेला असतो, मानधन घेतो. आणि ग्रामरक्षक दल नावाचं तिसरंच एक आहे, ते अवैध दारूसाठी, 2016 च्या कायदादुरुस्तीतून आलेलं.

आता अधिकाराचं. अंगात दलाचं जॅकेट आलं की काहींना वाटतं आपण इन्स्पेक्टर. तसं अजिबात नाही, दोन्हीकडे. कोणाला मारायचं नाही, मोबाईल तपासायचा नाही, चौकशीला बसवायचं नाही. डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा झाला तर कुठलाही नागरिक माणसाला पकडू शकतो, पण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे 6 तासांच्या आत पोलिसांकडे द्यावाच लागतो. नुसत्या संशयावर नाही. 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात चोर फिरतायत ह्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जिवानिशी गेले, आणि व्हॉट्सअप ग्रुपवर कोणाचाही फोटो टाकून "हाच तो" लिहिणारे आपल्याकडेही आहेत, त्यांना ॲडमिनने आधी काढावं.

रात्री खाडीतून अनोळखी होडी वर आली तर? 1093. तीच माणसं होडी सोडून वाडीत शिरली तर 112, आणि पोलीस पाटलाला उठवा.