गाडी बसेल रे, मी उतरणार कुठे?

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पणजीच्या बाजारात गाडी लावणं ही एक परीक्षाच असते. गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान घ्यायला आजूबाजूचे सगळे गाव शहरात उतरलेले असतात. गेल्या वर्षी मावसभाऊ गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. एक जागा रिकामी दिसली, त्याने सोडली. पुढे दुसरी दिसली, तीही सोडली. तिसऱ्या वेळी मी ओरडलोच, "अरे दादा, ती बघ, अख्खी गाडी बसेल!" तो शांतपणे म्हणाला, "गाडी बसेल रे. मी उतरणार कुठे?"

दादाला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांत जोर नाही. गाडी तो हातांनी चालवतो. व्हीलचेअरची चाकं काढता येतात. एकटा असला की चाकं मागच्या सीटवर आणि सांगाडा शेजारच्या सीटवर ठेवतो. मी बरोबर असलो की सांगाडाही मागे जातो. आपण गाडी लावतो तेव्हा इंजिन बंद झालं की काम संपतं. त्याचं अर्धं काम तिथून सुरू होतं.

आधी थोडा हिशेब. गाडी लावायची एक जागा साधारण अडीच मीटर रुंद असते आणि छोटी गाडी सुमारे १.६ मीटर. बरोबर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ४५ सेंटीमीटर उरतात. पाय चालणारा माणूस तेवढ्यात अंग चोरून बाहेर पडतो. व्हीलचेअरच मुळी ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद. शिवाय दार पूर्ण उघडायला हवं आणि खुर्ची सीटच्या शेजारी तिरकी, सीटला जवळजवळ टेकवून लावता यायला हवी. या सगळ्याला १.२ मीटर मोकळे लागतात. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अपंगांसाठीची जागा ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब सांगितली आहे, ती याच हिशेबाने. त्यातला १.२ मीटरचा पट्टा तिरक्या रेघांनी रंगवलेला असतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा पहिला महोत्सव झाला तेव्हा रॅम्पबद्दल मी बरंच ऐकलं होतं. त्या रेघा कशासाठी असतात हे मात्र दादाने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ती स्कूटर लावायची जागा आहे असं मला वाटायचं. बऱ्याच जणांना अजूनही तसंच वाटतं.

राखीव जागा नसेल तेव्हा दादा डाव्या बाजूला भिंत किंवा खांब असलेली जागा शोधतो. भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर गाडी चिकटवली की उजवीकडे ७५ सुटतात. शेजारच्याने सरळ लावली असेल तर त्याचे ४५ त्यात मिळतात आणि १.२ मीटरचं गणित जुळतं. भिंतीऐवजी डावीकडे दुसरी गाडी असेल तर मात्र तो असं करत नाही, कारण मग त्या बिचाऱ्या चालकाचं उजवं दार अडतं. आपली अडचण उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवण्यासारखंच ते.

खरी गंमत पट्टा एक आणि जागा दोन असतात तिथे आहे. दोन राखीव जागांच्या मध्ये सामाईक पट्टा असला की डावीकडच्या जागेत गाडी सरळ घालायची, चालकाचं दार पट्ट्याकडे येतं. उजवीकडच्या जागेत तशीच सरळ घातली तर दार भलत्याच बाजूला जातं, म्हणून तिथे रिव्हर्सने शिरायचं. सरळ की उलटी, हे इथे सवयीवर ठरत नाही. दार कुठे उघडणार यावर ठरतं.

रिव्हर्स घेणं अनेकांना नको वाटतं, पण भूमिती त्याच्याच बाजूने आहे. गाडी वळते तेव्हा चारही चाकं एका मध्यबिंदूभोवती फिरतात आणि तो बिंदू मागच्या आसाच्या रेषेवर कुठेतरी असतो. हे नीट साधायला आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. ही युक्ती म्यूनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराची. तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ साली आकरमान याने घेतलं, म्हणून नाव त्याचं झालं. तेव्हा गाड्यांना घोडे जुंपलेले असत. छोट्या मोटारीचं पुढचं बाहेरचं चाक सुमारे ४.६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं, तर त्याच बाजूचं मागचं चाक साठ-सत्तर सेंटीमीटर आतून जातं. ड्रायव्हर लोक म्हणतात, मागचं चाक कापतं. सरळ शिरताना हे कापणारं चाक शेजारच्या गाडीच्या कोपऱ्यावर येतं, म्हणून लांबून वळसा घ्यावा लागतो. रिव्हर्समध्ये मागची चाकं आधी अरुंद जागेत शिरतात आणि नाक बाहेरच्या मोकळ्या वाटेत झुलतं. जिथे जागा कमी तिथे कमी हालचाल होते. निघतानाही समोर सगळं दिसतं.

मान न वळणाऱ्यांना, म्हणजे मणक्याचे सांधे आखडलेल्यांना, रिव्हर्सची भीती असते. त्यांनी डावा आरसा थोडा खाली झुकवून मागचं चाक आणि रेघ एकत्र दिसतील असा लावावा. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले आहेत. हे सेन्सर सुमारे ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी मोजतात. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो सुमारे सहा सहस्रांश सेकंदात परत येतो. बारीक लोखंडी गज किंवा लोंबती साखळी मात्र त्यांना चकवते, कारण परत फिरणारा आवाज फार थोडा असतो. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला टीं-टीं काय कामाची? त्याने पडद्यावर पट्ट्या दाखवणारी गाडी घ्यावी.

आता हातांकडे वळू. दादाच्या गाडीत एक लिव्हर आहे. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की रेस. दुसरा हात स्टिअरिंगवरच्या गोल मुठीवर, ट्रकवाल्यांच्या स्टिअरिंगवर असते तशीच. ब्रेक पुढे ढकलायचा का? पुढे जाणारी गाडी थांबते तेव्हा अंग पुढे झुकतं आणि त्याचा भार ब्रेकच्याच मदतीला येतो. रेसचं उलट आहे. गाडी उसळली की अंग मागे जातं, हात लिव्हर आणखी ओढतो आणि गाडी आणखी उसळते. कमरेवरच्या स्नायूंत जोर नसलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून काही किटांत रेससाठी लिव्हर मांडीकडे खाली दाबायची सोय असते, शिवाय छातीला पट्टा बांधतात. रिव्हर्समध्ये हे सगळं फिरतं. मागे जाताना रेस जास्त झाली तर अंग पुढे जातं आणि लिव्हर आपोआप सैल पडते. पण ब्रेकच्या वेळी अंगाची मदत मिळत नाही, सगळा जोर दंडातूनच काढावा लागतो. म्हणून दादा रिव्हर्समध्ये रेसला हातच लावत नाही. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सैल केला की आपणहून रांगते, तेवढी चाल त्याला पुरते.

एकाच हाताने स्टिअरिंग फिरवणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी. गाडी उभी असताना चाकं वळवू नयेत. टायरचा पोस्टकार्डाएवढा भाग रस्त्याला घट्ट धरून असतो आणि उभ्या गाडीत तो तिथल्या तिथे रगडत फिरवावा लागतो. गाडी जराशी जरी सरकत असली तरी टायर लोळत-लोळत वळतो आणि जोर कितीतरी कमी लागतो. आरसे मात्र आधीच लावून घ्यायचे, तिसरा हात कुणालाच नसतो.

आणि उतार! गोव्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ताही कडेला शंभराला दोन-अडीच असा झुकवलेला असतो. डाव्या कडेला गाडी लावली की ती गटाराकडे कलते आणि चालकाचं दार चढाच्या बाजूला येतं. ते वर ढकलून उघडावं लागतं आणि सोडलं की अंगावर मिटतं. शिवाय ते दार धावत्या रहदारीतच उघडतं. एकेरी रस्त्यावर उजव्या कडेला लावायची मुभा असेल तर उतरणं सोपं होतं, फूटपाथही शेजारी येतो. चढाकडे तोंड करून लावली तरी दार मिटायला बघतं आणि उताराकडे तोंड असेल तर सताड उघडतं. मग सीटवर बसल्यावर हात पोचत नाही. दादाने दाराच्या हँडलला एक पट्टा बांधून ठेवला आहे. तो दिसायला गबाळा, पण त्याच्यावाचून त्याचं पान हलत नाही.

व्हीलचेअरलाही उतार छळतो. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले तर बाराला एक अशा चढावर नुसतं गुरुत्वाकर्षण साडेसात किलोच्या जोराने मागे खेचतं. आडवा उतार तर फसवा. खुर्चीची मोठी चाकं मागे असतात आणि वजनाचा मध्य त्यांच्या किंचित पुढे. त्यामुळे पुढची छोटी चाकं भिरभिरत उताराकडे वळतात आणि खुर्चीचं नाक गटाराकडे जातं. सरळ जायला सतत एकाच हाताने जास्त जोर लावावा लागतो. सीटवरून खुर्चीत अंग उचलणं आधीच खांद्यांच्या जिवावर बेतणारं काम, त्यात ही भर. जागा हेरताना दादा म्हणूनच पाणी कुठे साचलंय ते बघतो. डबकं असलं म्हणजे जागा सपाट. त्याची ही युक्ती मला फार आवडली, जरी चपला माझ्या भिजल्या.

सावलीचं काय? मणक्याला इजा झालेल्यांना कधीकधी इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही, शरीर लवकर तापतं. त्वचेला संवेदना नसेल तर मे महिन्यात तापलेलं पट्ट्याचं बक्कल मांडी भाजतं आणि कळतही नाही. अशांसाठी सावली ही चैन नाही. माडाखाली मात्र लावू नये, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरही खूप दिसतात. त्यांचं शास्त्र वेगळं. पाय टेकवून मागे ढकलता येत नाही आणि बहुतेकींना रिव्हर्स गिअर नसतो. त्यामुळे पुढून निघता येईल अशीच जागा हवी. खडबडीत जागेत बाजूची चाकं उंचवट्यावर टेकली तर मधलं इंजिनाचं चाक अधांतरी राहतं आणि नुसतं फिरतं. स्प्रिंग असलेली जोडणी घ्यावी, ती याचसाठी.

त्या दिवशी शेवटी चांगली जागा मिळाली. सामान घेऊन परत आलो तर उजव्या दाराला लागून कुणीतरी स्कूटर लावलेली, हँडल लॉक करून. मी चिडलो, दादा नाही. हातांनी चालवायची जोडणी असली तरी गाडीची पेडलं जशीच्या तशी असतात, नेहमीसारखी पायांनीही ती चालते. त्याने मला चावी दिली. मी डाव्या दारातून सरपटत आत शिरलो, गाडी बाहेर काढली आणि रस्त्यात उभी केली. मागून हॉर्न सुरू झाले. "लिव्हरला गुडघा लावू नको हं," तो बाहेरून ओरडत होता. लावलाच होता.