डिव्हाइस मेमरीत आहे, पण ड्रायव्हरच्या ताब्यात आहे का?

लिनक्स कर्नलमधल्या प्रत्येक डिव्हाइसच्या दोन मुदती असतात. त्याची सी भाषेतली स्ट्रक्ट (माहितीचा साचा) मेमरीत किती काळ टिकते, ही एक. एखादा ड्रायव्हर त्या डिव्हाइसला किती काळ जोडलेला असतो, ही दुसरी. रोजच्या वापरात फरक जाणवतच नाही. मशीन सुरू होतं, ड्रायव्हर लागतो, मशीन बंद होतं आणि सगळं एकदमच संपतं. त्यामुळे ‘माझ्याकडे डिव्हाइसचा रेफरन्स आहे, म्हणजे मी त्याची रजिस्टरं (हार्डवेअरवरच्या नियंत्रणाच्या जागा) वाचू शकतो’ असं कुणालाही सहज वाटतं. पण ते खरं नाही. बससाठी, म्हणजे डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळवणाऱ्या कर्नलच्या भागासाठी, रस्ट भाषेत सेफ रॅपर (सी फंक्शनांवरचं सुरक्षित आवरण) लिहिणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे असा समज धरून लिहिलेला कोड कंपाइलच होऊ न देणं.

पहिली मुदत रेफरन्स काउंटवर चालते. सीमध्ये गेट_डिव्हाइस म्हटलं की आकडा एकाने वाढतो, पुट_डिव्हाइस म्हटलं की घटतो, आणि शून्यावर आला की रिलीज फंक्शन चालून मेमरी मोकळी होते. रस्टच्या बाजूला याच आकड्यावर ए-रेफ हा पॉइंटर बसवलेला आहे: क्लोन केला की वाढ, ड्रॉप झाला की घट. यातून मिळणारी हमी अगदी मर्यादित आहे. स्ट्रक्ट जागेवर आहे, तिच्यातलं नाव, व्हेंडर आयडी, पॅरेंटचा पॉइंटर वाचता येईल. बस, एवढंच.

दुसरी मुदत प्रोबपासून, म्हणजे डिव्हाइस ताब्यात घेणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनपासून, सुरू होते. बसला डिव्हाइस आणि ड्रायव्हरची जोडी जुळली, तिने प्रोब बोलावलं, ते यशस्वी परतलं की डिव्हाइस बाउंड झालं. ही मुदत कधी संपेल हे ड्रायव्हरच्या हातात नसतं. कुणी मॉड्यूल काढेल, कुणी कार्ड उपसेल, किंवा सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या, ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत अनबाइंड नावाची जी फाइल असते तिच्यात रूट युजर डिव्हाइसचा पत्ता लिहील. पीसीआय या कार्डांच्या बसवरच्या ड्रायव्हरचं, ताबा सोडताना चालणारं रिमूव्ह फंक्शन काहीच परत करत नाही, तेव्हा ‘आत्ता नको, मी कामात आहे’ म्हणायची सोयच नाही. रिमूव्ह संपलं की ड्रायव्हरने डेव्हएम प्रकारच्या फंक्शनांनी घेतलेलं सगळं, म्हणजे रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट, डीएमएची मेमरी (जी डिव्हाइस थेट वाचतं-लिहितं), घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने परत जातं. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या सीपीयूवर एखादा प्रोसेस उघड्या फाइलवर रीड करत असू शकतो.

सीमध्ये हा घोटाळा दोन्ही दिशांनी होतो. एक दिशा वर सांगितलीच: डिव्हाइसचा रेफरन्स जपून ठेवला, अनबाइंड झालं, आणि नंतर एखाद्या वर्कक्यूमधून (नंतर करायच्या कामांची रांग) रजिस्टरवर लिहिलं. मॅपिंग गेलेलं असतं. नशीब चांगलं असेल तर कर्नल तिथल्या तिथे ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देतो. वाईट असेल तर तोच व्हर्च्युअल पत्ता एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या मॅपिंगला मिळालेला असतो आणि आपलं लिखाण भलत्याच ठिकाणी जाऊन पडतं. दुसरी दिशा उलटी आहे. ड्रायव्हर आपला खाजगी डेटा डेव्हएम_केझेडअॅलॉकने घेतो, म्हणजे त्याची मुदत बाइंडिंगला बांधतो. पण कॅरॅक्टर डिव्हाइसची फाइल युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे, उघडीच असते. अनबाइंड झाल्यावर तो डेटा फ्री होतो आणि फाइल बंद करताना रिलीज कॉलबॅक त्याच मेमरीत हात घालतो. पहिल्या चुकीत लांब मुदतीवर भरवसा ठेवून छोट्या मुदतीची वस्तू वापरली. दुसरीत लांब मुदतीच्या कामाला छोट्या मुदतीची मेमरी दिली.

सीकडे उत्तरं नाहीत असं नाही. ग्राफिक्सच्या डीआरएम उपप्रणालीत डीआरएम_डेव्ह_एंटर आणि डीआरएम_डेव्ह_एक्झिट ही जोडी आहे: हार्डवेअरला हात लावण्याआधी आत शिरा, काम झालं की बाहेर या, आणि डिव्हाइस गेलेलं असेल तर आत प्रवेशच मिळत नाही. कल्पना उत्तम आहे. पण ती पाळली की नाही हे तपासणारं कुणी नाही. एक फंक्शन विसरलं तरी कोड मुकाट कंपाइल होतो.

रस्टने हा फरक टाइपमध्ये आणला. रस्टचा पाया लिनक्स ६.१ मध्ये, २०२२ च्या डिसेंबरात आला. पीसीआय आणि प्लॅटफॉर्म बसची अॅब्स्ट्रॅक्शन्स ६.१४ मध्ये, मार्च २०२५ मध्ये. त्यानंतरच्या आवृत्त्यांत डिव्हाइसच्या टाइपला एक काँटेक्स्ट जोडला गेला. स्ट्रक्ट तीच, मेमरीतली मांडणी तीच, चालताना खर्च शून्य. फक्त टाइपवर शिक्का वेगळा. नॉर्मल म्हणजे रेफरन्स आहे, बाकी काही ठाऊक नाही. बाउंड म्हणजे हा रेफरन्स हातात आहे तोवर डिव्हाइस ड्रायव्हरला जोडलेलं राहील. कोअर म्हणजे आपण बसच्या कॉलबॅकच्या आत आहोत आणि डिव्हाइसचा लॉक घेतलेला आहे. कोअरवरून बाउंडकडे आणि बाउंडवरून नॉर्मलकडे आपोआप उतरता येतं; सेफ कोडमधून वर चढता येत नाही.

यातली मेख ए-रेफमध्ये आहे. प्रोबमध्ये मिळालेल्या कोअर डिव्हाइसवरून ए-रेफ बनवला की तो नॉर्मलच बनतो, शिक्का गळून पडतो. बाउंड डिव्हाइस मालकीने जपून ठेवता येत नाही, फक्त उसन्या रेफरन्सच्या रूपात हाती येतं. वर्कक्यूला द्यायच्या कामात असा उसना रेफरन्स कोंबायचा प्रयत्न केला तर कंपायलर लाइफटाइमवर (रेफरन्स किती काळ वैध आहे यावर) बोट ठेवून अडवतो. वर्कक्यूची ती जुनी चूक इथेच पकडली जाते, आणि तीही मशीन न चालवता.

मग रॅपर लिहिताना प्रत्येक सी फंक्शनला एकच प्रश्न विचारायचा: याला कोणती मुदत लागते? व्हेंडर आयडी वाचायला नॉर्मल पुरे. डीएमएसाठी कोहेरंट मेमरी घ्यायची तर बाउंड हवं, कारण अनबाइंडनंतर ती डिव्हाइसच्या नावावर राहताच कामा नये. पीसीआय_सेट_मास्टर पाहा. सीमध्ये ते कुठलाही पीसीआय डिव्हाइसचा पॉइंटर घेतं आणि कॉन्फिगरेशनच्या कमांड रजिस्टरमधला बस मास्टरचा बिट वर करतं. वाचा, बिट बदला, परत लिहा. दोघांनी एकाच वेळी केलं तर एकाचं लिखाण हरवेल. रस्टमध्ये ही मेथड फक्त कोअर डिव्हाइसवर आहे. आतला अनसेफ ब्लॉक (जिथली सुरक्षितता कंपायलर तपासू शकत नाही) एका ओळीचा, वर सेफ्टीची कॉमेंट. नवखा माणूस रॅपर म्हटलं की तो अनसेफ ब्लॉक बघतो. माझ्या मते आधी बघायची ती मेथडची सही (सिग्नेचर), म्हणजे ती कोणता टाइप घेते. सेफ्टी कॉमेंटमध्ये कितीही सुरेख लिहिलं तरी सहीने नॉर्मल डिव्हाइस स्वीकारलं असेल तर रॅपर सेफ नाही.

आता रजिस्टरांचं काय? ती तर प्रोब संपल्यावरही लागतात, आणि तेव्हा बाउंड रेफरन्स प्रत्येक ठिकाणी हाताशी नसतो. त्यासाठी डेव्हरेस हा टाइप आहे. बार, म्हणजे डिव्हाइसच्या रजिस्टरांचा पत्त्यांचा पट्टा, मॅप केला की तो उघडा मिळत नाही, डेव्हरेसमध्ये बंद होऊन मिळतो. डेव्हरेस स्वतः हवा तितका काळ जगू शकतो. आतला बार मात्र अनबाइंडच्या वेळी काढून घेतला जातो. म्हणजे दोन्ही मुदती एकाच वस्तूत, पण एकमेकींत न मिसळता.

आत जायची दारं दोन. ६.१४ मध्ये एकच होतं, ट्राय_अॅक्सेस. ते विचारतं, बार अजून आहे का? असेल तर गार्ड देतं, नसेल तर नन, म्हणजे ‘काही नाही’. गार्ड हातात असेपर्यंत आरसीयूचा (सगळे वाचक बाहेर पडल्यावरच जुना डेटा काढायची कर्नलची पद्धत) रीड लॉक धरलेला असतो. अनबाइंडकडून येणारा कोड आधी ‘उपलब्ध नाही’ अशी खूण करतो, मग सिंक्रोनाइझ_आरसीयूने आत असलेले सगळे वाचक बाहेर पडायची वाट बघतो, आणि मगच मॅपिंग काढतो. याची किंमत लक्षात ठेवायला हवी: आरसीयू रीड लॉकमध्ये झोपता येत नाही. गार्ड धरून म्यूटेक्स घेणं किंवा हार्डवेअर तयार होईपर्यंत झोप काढणं बाद. गार्ड उशिरा घ्या, लवकर सोडा. दुसरं दार अॅक्सेस, ते नंतर आलं. त्याला बाउंड डिव्हाइसचा रेफरन्स दाखवायचा. ते फक्त हेच डिव्हाइस ना, एवढं पडताळतं आणि थेट बार देतं. आरसीयू नाही, झोपायला बंदी नाही. इंटरप्ट हँडलरला बाउंड डिव्हाइस आयतंच मिळतं, कारण अनबाइंडमध्ये फ्री_आयआरक्यू होतं आणि ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. शक्य तिथे हेच दार वापरावं.

इथे एक शंका हमखास येते. रस्टमध्ये ड्रॉप (वस्तू संपताना आपोआप होणारी साफसफाई) आहेच की, मग बार ड्रायव्हरच्या डेटात ठेवला आणि अनबाइंडला तो डेटा ड्रॉप झाला तर एवढा खटाटोप कशाला? कारण ड्रॉप चालेलच अशी हमी रस्ट देत नाही. मेम::फॉरगेट हे सेफ फंक्शन आहे. दोन आर्क (रेफरन्स मोजणारे पॉइंटर) एकमेकांना धरून बसले तर दोघंही कधीच सुटत नाहीत. सेफ कोडने काहीही केलं तरी मेमरी बिघडू नये, ही रॅपरची जबाबदारी. ‘ड्रायव्हर लिहिणारा शहाणा असेल’ हे गृहीतक चालत नाही. म्हणून डेव्हरेस आपला कॉलबॅक सीच्या डेव्हरेस यादीत नोंदवतो. ड्रायव्हरने डेटा गळू दिला तरी बस आपल्या वेळी येते आणि बार काढून नेते.

बाउंडवरही नको तितकं ओझं मात्र टाकू नये. बाउंड म्हणजे ड्रायव्हर जोडलेला आहे. कार्ड स्लॉटमध्ये आहे असं नाही. न विचारता उपसलेल्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डाची बातमी कर्नलला कळून अनबाइंड होईपर्यंत थोडा काळ जातो. त्या अवधीत मॅपिंग वैध असतं, कंपायलर खूश असतो, आणि ३२ बिटांचं रजिस्टर वाचलं की बहुतेक मशीनवर सगळे बिट एक येतात. मेमरीच्या दृष्टीने यात काहीच असुरक्षित नाही. पण एखादा ‘व्यस्त’ बिट शून्य होण्याची वाट पाहणारा लूप तिथे कायमचा फिरत राहील. त्याला टाइमआउट घालणं हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याचंच काम, रॅपरचं नाही.

हे सगळं करून बघायला खऱ्या कार्डाची गरज नाही. कर्नलच्या सँपल्समध्ये रस्टचा एक छोटा पीसीआय ड्रायव्हर आहे, तो क्यूएमू या एम्युलेटरच्या पीसीआय-टेस्टडेव्ह या नकली डिव्हाइसवर चालतो. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बांधा, त्या ड्रायव्हरला उघडता येईल अशी एक फाइल जोडा, एका शेलमधून ती सतत वाचत राहा आणि दुसऱ्यातून बाइंड-अनबाइंडचा लूप फिरवा. वाचणाऱ्याला मध्येच ‘असं डिव्हाइस नाही’ असा एरर आला आणि केसॅन गप्प राहिलं, तर निदान या वाटेवर तरी दोन्ही मुदती वेगळ्या राहिल्या आहेत.